विकासाचें विचारपीठ : मराठवाड्याचा अनुभव



‘विकास’ हा शब्द आज सर्वांच्या तोंडीं आहे. मंत्री तो व्यासपीठावरून उच्चारतात, अधिकारी अहवालांत लिहितात आणि गांवच्या पारावर बसलेला म्हातारासुद्धां त्याच्या नांवानें सुस्कारा टाकतो. परंतु एखाद्या प्रदेशांत नेमकें काय कमी आहे, तें किती कमी आहे, तें कोणीं मोजलें आणि मोजल्यावर कोणापुढें मांडलें, असे साधे प्रश्न विचारले म्हणजे पुष्कळांची वाणी अडखळते. या प्रश्नांचीं उत्तरें एकट्यादुकट्याला देतां येत नाहींत. त्यासाठीं प्रदेशाचे रहिवासी, त्यांचे प्रतिनिधि, सरकारी अंमलदार आणि विद्यापीठांतील अभ्यासक यांनीं एके ठिकाणीं बसावें लागतें. अशा ठिकाणास मी प्रादेशिक विचारपीठ म्हणतों. तें कशासाठीं हवें, आजवर तें कोणकोणत्या रूपानें आपल्यापुढें आलें आणि तें नसेल तर आपलें काय जातें, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मी देवणीचा रहिवासी. तेव्हां उदाहरणें आपल्याच मराठवाड्यांतलीं घेणार आहें.

निजामाच्या राजवटींत साधी सभा भरवावयाची तरी सरकारची परवानगी काढावी लागे. अशा काळीं १९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. हैदराबाद संस्थानांतील मराठी माणसांनीं आपल्या शिक्षणाचा, भाषेचा व आर्थिक स्थितीचा एकत्र विचार करण्याचा तो एक आरंभ होय. पुढें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें. २८ सप्टेंबर १९५३ रोजीं मराठी भाषिक प्रदेशांतील पुढाऱ्यांनीं नागपूर करारावर सह्या केल्या. निरनिराळ्या विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणांत निधि मिळावा, मराठवाड्याच्या मागासलेल्या स्थितीमुळें त्याच्या सर्वांगीण उन्नतीकडे विशेष लक्ष पुरवावें आणि त्याचा अहवाल दरवर्षीं विधानसभेपुढें यावा, असें त्यांत ठरलें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्याच वेळीं तोंवर बिदर जिल्ह्यांत असलेले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यास जोडण्यांत आले. १९८२ सालीं लातूर जिल्हा निर्माण झाला. उदगीरच्या परिसरांतील आमच्या भागानें याप्रमाणें एका पिढीच्या हयातींत तीन जिल्हे पाहिले. बिदर मात्र कर्नाटकांत राहिलें.

त्याच १९५६ सालच्या घटनादुरुस्तीनें भारताच्या राज्यघटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदांत एक महत्त्वाची तरतूद आली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठीं स्वतंत्र विकास मंडळें स्थापण्याची व निधीची न्याय्य वांटणी पाहण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपति आपल्या आदेशानें राज्यपालांवर सोंपवूं शकतात, अशी ती तरतूद होय. करार झाला, तरतूद झाली. पण कोणाला किती द्यावयाचें याचें माप मात्र कोणाच्याच हातीं नव्हतें. माप नसलें म्हणजे न्यायाचा प्रश्न आवाजाचा प्रश्न होऊन बसतो. ज्याचा आवाज मोठा त्याचें काम आधीं होतें. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांनीं मराठवाडा जनता विकास परिषदेच्या द्वारें रेल्वे, पाणी व शिक्षण यांचे प्रश्न वर्षानुवर्षें लावून धरले, याचें मोल फार आहे. परंतु मागणीस आंकड्यांचा आधार हवा, ही गरज दिवसेंदिवस अधिक जाणवूं लागली.

तें काम १९८३ सालीं नेमलेल्या सत्यशोधन समितीनें केलें. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे नामवंत अर्थशास्त्रज्ञ कै. वि. म. दांडेकर हे तिचे अध्यक्ष होते. समितीची रीति एखाद्या विद्यार्थ्यासही समजेल इतकी सरळ होती. रस्ते, सिंचन, गांवांचें विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, पशुवैद्यकीय सेवा इत्यादि नऊ क्षेत्रें तिनें घेतलीं. प्रत्येक क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खालीं, त्याची तूट मोजली आणि ती भरून काढण्यास किती रुपये लागतील याचा हिशेब मांडला. समजा, ठराविक क्षेत्रफळास राज्यांत सरासरी शंभर मैल रस्ते आहेत आणि एका जिल्ह्यांत साठच आहेत. तर चाळीस मैलांच्या रस्त्याचा खर्च हा त्या जिल्ह्याचा अनुशेष. अनुशेष म्हणजे मागें राहिलेली बाकी. १९८४ सालच्या अहवालाप्रमाणें सबंध राज्याचा अनुशेष ३,१८६.७८ कोटि रुपये भरला. पैकीं विदर्भाचा १,२४६.५५ कोटि, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटि आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटि. या आंकड्यांनीं एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढें आणली. तूट सर्वच विभागांत होती. पश्चिमेकडील जिल्ह्यांतही होती. त्यामुळें हें भांडण प्रदेशाप्रदेशांचें न राहतां सर्वांच्या हिशेबाचा विषय झालें. मोजणीचा पहिला लाभ हाच, कीं ती रागाला विचाराचें वळण लावते.

त्याच वर्षीं राज्याच्या विधिमंडळानें विकास मंडळांची मागणी करणारा ठराव संमत केला. तरी मंडळें प्रत्यक्षांत यावयास १९९४ साल उजाडलें. तोंवर काय झालें होतें, हेंही आंकड्यांनींच सांगावें. निर्देशांक व अनुशेष समितीनें १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर नवा हिशेब केला, तेव्हां राज्याचा अनुशेष १४,००६.७७ कोटि आणि मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटि निघाला. दोन्ही हिशेबांचीं मापें अगदीं एक नव्हतीं आणि मधल्या काळांत वस्तूंचे भावही चढले होते. म्हणून रकमांची सरळ तुलना करणें योग्य होणार नाहीं. पण एकूण बाकींतील आपला हिस्सा पाहावा. पहिल्या हिशेबांत तो शेंकडा २३.५६ होता, तो दुसऱ्यांत शेंकडा २८.५९ झाला. याचें एक कारण ध्यानांत घेण्याजोगें आहे. राज्याची सरासरी ही स्थिर रेघ नसते; ती दरवर्षीं वर सरकते. पुढचा धांवत असतां मागच्यानें नुसतें चालून भागत नाहीं. म्हणून एकदां मोजून थांबणें उपयोगाचें नाहीं. मोजणारें पीठ कायम असावें लागतें.

मराठवाडा विकास मंडळ हें असें पीठ होतें. आपल्या विभागाची प्रगति राज्याच्या तुलनेंत कोठें आहे हें पाहणें, निधि किती असावा हें सुचविणें, झालेल्या खर्चाचें फळ तपासणें आणि राज्यपालांस वार्षिक अहवाल देणें, हीं त्याचीं कामें. मंडळाच्या हातीं पैशाची थैली नव्हती, त्याचा शब्द हा सल्ला होता, अशी टीका होई. ती निराधार नव्हे. पण अधिकारी, लोकप्रतिनिधि आणि जाणकार यांना एका मेजाशीं बसवून मराठवाड्याचीच चर्चा करावयास लावणारी ती एक बांधलेली जागा होती. वेळोवेळीं मुदतवाढ मिळालेल्या या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली. पुनर्रचनेचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें सप्टेंबर २०२२ मध्यें घेतला. दरम्यान बाकी कांहीं थांबत नाहीं. ती वाढत राहते, फक्त तिची नोंद होत नाहीं.

आतां सरासरीचा एक दोष सांगतों. शाळेंत आयुष्य घालविल्यामुळें मला तो गुणपत्रकावरून चटकन् समजावून सांगतां येईल. एका वर्गांत पांच मुलें आहेत. त्यांना ८०, ७५, ७०, ६५ आणि १० असे गुण मिळाले. बेरीज ३००, सरासरी ६०. शाळेची सरासरी ५५ असेल, तर हा वर्ग उत्तम ठरतो आणि त्याला जादा शिकवणीची गरज नाहीं असा निकाल लागतो. दहा गुणांचा मुलगा मात्र त्या साठाच्या पांघरुणाखालीं गुडूप होतो. जिल्हा हा वर्ग मानला तर कडेचा तालुका म्हणजे तो पांचवा मुलगा. दांडेकर समितीनें जिल्हा हें परिमाण धरलें होतें. २०११ सालीं अर्थशास्त्रज्ञ डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या उच्चस्तरीय समितीनें तालुका हें परिमाण धरलें, हें योग्यच झालें. तिचा अहवाल २०१३ मध्यें सादर झाला आणि पाण्याच्या प्रश्नास त्यांत मोठें स्थान मिळालें. तें किती रास्त होतें, याचा प्रत्यय एप्रिल २०१६ मध्यें आला. लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें.

येथवर धोरणाची चर्चा झाली. परंतु विचारपीठाचें दुसरेंही एक अंग आहे. तें म्हणजे संशोधनांतील भागीदारी. रस्त्याची लांबी साखळीनें मोजतां येते. पण जमिनीचा कस, बियाण्याची रोगप्रतिकारशक्ति, जनावराचा वंश या गोष्टी विद्वान आणि शेतकरी यांनीं मिळूनच जाणावयाच्या असतात. परभणीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ निघालें. त्याच्या बदनापूर येथील केंद्रानें ‘बीएसएमआर ७३६’ हें तुरीचें वाण दिलें. मर आणि वांझ या दोन्ही रोगांस तें दाद देत नाहीं. असें वाण सिद्ध होण्यास शास्त्रज्ञाची दृष्टि लागते, तशीच तें आपल्या रानांत पेरून खरेंखोटें सांगणाऱ्या शेतकऱ्याची जबानीही लागते.

आमच्या गांवाचें नांव देशभर ज्यामुळें झालें, तो देवणी गोवंश याचें उत्तम उदाहरण आहे. गीर, डांगी आणि स्थानिक गुरें यांच्या मिश्रणांतून हा वंश घडला, असें जाणकार मानतात. काळ्या भारी जमिनींत औत ओढणारा बैल आणि घरापुरतें चांगलें दूध देणारी गाय, असे दोन्ही गुण त्यांत आहेत. रंगावरून त्याचे तीन प्रकार ओळखतात : सर्वांगानें पांढरा तो बालंक्या, अंग पांढरें आणि तोंडाच्या बाजू काळ्या असा तो वानेरा, आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला तो शेवरा. हीं नांवें कोणा पंडितानें दिलेलीं नाहींत. गुराख्यांनीं व शेतकऱ्यांनीं दिलेलीं आहेत आणि शास्त्रज्ञांनीं तीं जशींच्या तशीं स्वीकारलीं. भागीदारीचा याहून सुंदर पुरावा कोणता?

आज उदगीरास पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्नालास पशूंच्या आनुवंशिक संपत्तीची राष्ट्रीय संस्था आहे आणि बंगळूरच्या दुग्धसंशोधन केंद्रांत देवणी गाईंचा कळप राखलेला आहे. देवणी जनावर लातूर-नांदेडांत आढळतें, तसेंच सीमेपलीकडे बिदरांत आणि तेलंगणांतही आढळतें. राज्यपुनर्रचनेची रेघ नकाशावर पडली. जनावराच्या वंशावर ती पडलेली नाहीं. म्हणून या वंशाचें जतन एका राज्याच्या एका खात्यास साधणारें नव्हे. तिन्ही राज्यांतील पशुपालक व संशोधक यांनीं वर्षांतून निदान एकदां तरी एकत्र बसलें पाहिजे. ट्रॅक्टर आल्यानें बैलाची गरज घटली आणि अधिक दुधासाठीं परदेशी रक्ताचा संकर झाला; अशा वेळीं शुद्ध वंशाचीं जनावरें किती उरलीं व कोठें आहेत, हा प्रश्न हौसेचा राहत नाहीं. गेलेला रस्ता पुन्हा बांधतां येतो. गेलेला वंश पुन्हा आणतां येत नाहीं.

या कामाचें मूळ साधन मात्र अगदीं साधें आहे, तें म्हणजे वही. इंग्लंडांत १८२२ सालीं कोट्स नांवाच्या गृहस्थानें शॉर्टहॉर्न गुरांच्या वंशावळीची वही छापून प्रसिद्ध केली. कोणत्या वळूपासून व कोणत्या गाईपासून कोणतें वासरूं झालें, एवढीच तींत नोंद. पण त्या नोंदीच्या बळावर त्या जातीची सुधारणा झाली आणि तिचें नांव देशोदेशीं गेलें. आपल्याकडे ही वंशावळ पशुपालकाच्या जिभेवर असते. म्हातारा गेला कीं वंशावळही गेली. ती कागदावर उतरविणें हें शेतकरी आणि महाविद्यालय या दोघांच्या हातचें आहे. आणि दोघांनाही तें एकट्यानें साधणारें नाहीं.

या सर्व अनुभवावरून चांगल्या विचारपीठाचीं तीन लक्षणें मला दिसतात. तें कायमचें असावें; कारण प्रश्न कायमचे आहेत. तेथें मोजलेली गोष्ट बोलावी, आणि तिचें माप तालुक्यापर्यंत, शक्य तर गांवापर्यंत उतरावें. तिसरें असें कीं, तेथें ज्यांच्याविषयीं चर्चा चालते ते स्वतः हजर असावेत. त्यांचें नुसतें नांव कागदावर असूं नये. नांदेडास १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें विद्यापीठ आहे. त्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं दरवर्षीं आपापल्या गांवचें पाणी, शाळा, दवाखाना व गुरें यांची मोजणी करून ती ग्रामसभेपुढें वाचून दाखविली, तर गांव आणि विद्यापीठ यांचें नातें पदवीपुरतें राहणार नाहीं.

विकास मंडळाचें काय व्हावयाचें तें मुंबई-दिल्लीस ठरेल, आणि त्यासाठीं आपण आग्रह धरलाच पाहिजे. परंतु ग्रामसभा आपल्या दाराशीं आहे आणि तिच्यासाठीं कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाहीं. पुढील ग्रामसभेस जातांना प्रत्येकानें आपल्या गांवाविषयींचा एक तरी खरा, स्वतः मोजलेला आंकडा बरोबर न्यावा. गांवांतील आंकडे खरे असतील, तर तालुक्याचा हिशेब खरा होईल. आणि तालुक्याचा हिशेब खरा असेल, तर उद्यां जें कोणतें मंडळ बसेल त्याला आमच्या कडेच्या तालुक्यांकडे पाहिल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं.