पेशीतील मांडव आणि बोटांतील मुंग्या

दरवर्षी या अहवालात कर्करुग्णांच्या औषधसाहाय्याचा खर्च आकड्यांत मांडला जातो. औषध कोणते, त्याची किंमत किती आणि साहाय्य किती, हे तक्त्यावरून समजते. परंतु देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक आणखी एक प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर तक्त्यात सापडत नाही. औषधाने गाठ कमी होत असताना रुग्णाच्या हातापायांची बोटे बधिर का होतात? औषध गाठीसाठी दिले, मग बोटांचा त्याच्याशी संबंध काय? आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. तथापि, या प्रश्नाचे उत्तर सर्वांना समजावे अशा भाषेत देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली नुसती पिशवी नव्हे. तिच्या आत प्रथिनांच्या धाग्यांचा एक सांगाडा असतो. त्यातील ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे पेशीला आकार देतात आणि सरकण्याचे बळही देतात. पांढऱ्या पेशी जंतूंच्या मागावर जातात, जखम भरताना कडेची त्वचा पुढे सरकते, ते याच धाग्यांच्या आधारे. दुसरा प्रकार सूक्ष्मनलिकांचा. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकावर एक रचून या पोकळ नळ्या तयार होतात. अशा नळीची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा चाळीस हजारावा भाग असते.

या नळ्या कायमच्या नसतात. लग्नाचा मांडव जसा उभारला जातो आणि काम होताच सोडवला जातो, तशाच त्या एका टोकाला वाढतात आणि अचानक उलगडून आखूड होतात. टिम मिचिसन व मार्क किर्शनर या संशोधकांनी १९८४ साली ही गोष्ट दाखवून दिली. पेशी दुभंगताना गुणसूत्रांची दोन सारखी वाटणी करण्याचे काम याच नळ्या करतात. त्यासाठी त्यांची उभारणी जितकी आवश्यक, तितकीच मोडणीही आवश्यक असते. कर्करोगाच्या पेशी अनिर्बंधपणे दुभंगत राहतात, म्हणून त्यांना रोखण्याची ही नेमकी जागा ठरली.

या जागी काम करणारी दोन औषधे वनस्पतींनी दिली आहेत. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन ट्युब्युलिनचे कण एकमेकांना जोडूच देत नाही. मांडव उभाच राहत नाही. अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळालेले हे औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिले जाते. दुसरे पॅक्लिटॅक्सेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील यू वृक्षाच्या सालीतून ते प्रथम वेगळे करण्यात आले. त्याची रचना मन्रो वॉल आणि डॉ. मनसुख वाणी यांनी सहकाऱ्यांसह १९७१ साली प्रसिद्ध केली. डॉ. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा आणि पदवीचे शिक्षण मुंबई विद्यापीठाचे, याचा आपणा सर्वांस अभिमान वाटावा. हे औषध व्हिन्क्रिस्टिनच्या उलट वागते, असे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली दाखवले. ते नळ्या इतक्या पक्क्या करते की त्या सुटतच नाहीत. मांडव उभा न राहणे आणि उभा राहिलेला कधीच न सुटणे, या दोहोंचा परिणाम एकच होतो. पेशी अर्ध्या वाटेत अडकते आणि मरते.

आता बोटांकडे वळू. चेतापेशी सहसा दुभंगत नाहीत, म्हणून त्या या औषधांपासून सुरक्षित असाव्यात असे वाटेल. परंतु त्यांना याच नळ्या निराळ्या कामासाठी लागतात. कंबरेच्या मणक्यांपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा चेतातंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. त्याच्या टोकाला लागणारा बराचसा माल मणक्याजवळील पेशीत तयार होतो आणि सूक्ष्मनलिकांच्या वाटेने पुढे पाठवला जातो. तो वाहून नेणारे कायनेसिन हे प्रथिन १९८५ साली अमेरिकेत माकुळाच्या जाड चेतातंतूवरील प्रयोगांतून सापडले. परतीचा माल डायनीन हे प्रथिन आणते. एकटे डायनीन दुबळे असते, मात्र अनेक डायनीन मिळून मोठे ओझे ओढतात, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. रूप मल्लिक व सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले. ही वाहतूक वेगवान असली तरी दिवसाकाठी २०० ते ४०० मिलिमीटरच पुढे जाते. म्हणजे पायाच्या टोकापर्यंत पोहोचण्यास अडीच ते पाच दिवस लागतात. औषधाने वाट बिघडली की सर्वांत लांबचे टोक आधी उपाशी राहते. म्हणूनच मुंग्या बहुधा बोटांच्या टोकांपासून सुरू होतात.

सारांश, बधिरपणा आला म्हणजे औषध चुकले असे नव्हे. ज्या प्रथिनावर औषध काम करते, त्याच प्रथिनावर चेतातंतूही जगतात. तथापि, हे सोसून घेण्याचे दुखणे नाही. उपचार थांबतील या भीतीने कित्येक रुग्ण ते लपवतात. आमची कळकळीची विनंती आहे की, सदऱ्याची बटणे लावणे जड जात असेल, पायातून चप्पल नकळत निसटत असेल किंवा व्हिन्क्रिस्टिन सुरू असताना बद्धकोष्ठ होत असेल, तर त्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. वेळीच कळल्यास मात्रा किंवा दोन मात्रांमधील अंतर बदलता येते. मधुमेही रुग्णांनी विशेष लक्ष द्यावे. घरात पादत्राणे वापरावीत आणि आंघोळीच्या पाण्याची ऊब घरातील दुसऱ्याने पाहावी. औषध थांबल्यावर बहुतेकांना हळूहळू उतार पडतो, काहींना मात्र महिनोन्‌महिने त्रास राहतो. पॅक्लिटॅक्सेल देताना एका बाजूच्या हातापायास गोठवलेले मोजे घालण्याचा प्रयोग जपानमध्ये झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या बाजूस त्रास कमी आढळला. अशा उपायांवर संशोधन सुरू आहे.

देणगीदारांस एक निवेदन करावेसे वाटते. औषधासाठी दिलेली देणगी डोळ्यांना दिसते. व्यायामोपचार, पायांची तपासणी आणि समुपदेशन यांवरील खर्च किरकोळ भासतो. परंतु गाठ बरी होऊन घरी गेलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने घास घेता यावा, सुई ओवता यावी, ही बरे होण्याचीच उरलेली अर्धी बाजू होय. तीही आपल्या औदार्याच्या कक्षेत यावी, अशी नम्र प्रार्थना.