इंजिन आडवे ठेवणारी माणसे

नोव्हेंबर १९६५. तुरिनच्या मोटार प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीच्या दालनात एक गाडी मांडली होती, पण तिला अंगच नव्हते. पत्रा नाही, दारे नाहीत, काचा नाहीत. वजन कमी करण्यासाठी जागोजागी भोके पाडलेला पोलादी सांगाडा, चार चाके आणि चालकाच्या पाठीमागे आडवे बसवलेले बारा सिलिंडरचे इंजिन, एवढाच सारा ऐवज. रस्त्यावर चालवायच्या गाडीत एवढे मोठे इंजिन असे मागे आणि आडवे तोवर कोणी बसवले नव्हते. लोक त्या सांगाड्याभोवती गर्दी करू लागले.

तो सांगाडा जान पाओलो दाल्लारा, पाओलो स्तान्झानी आणि न्यूझीलंडहून आलेला चाचणी-चालक बॉब वॉलेस यांच्या डोक्यातून निघाला होता. त्याला अंग दिले बेर्तोने या स्टुडिओतल्या मार्चेल्लो गांदिनीने. या चौघांपैकी एकानेही तेव्हा तिशी गाठलेली नव्हती. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाला पूर्ण गाडी लोकांसमोर आली. बुटकी, जमिनीला चिकटून असलेली, पापण्या असाव्यात तसे दिवे असलेली. नाव मिउरा. लढाऊ बैल पैदास करणाऱ्या एका स्पॅनिश घराण्याचे ते आडनाव. मालकाची रास वृषभ आणि कंपनीचे चिन्ह बैल, त्यामुळे नाव शोभलेही.

इंजिन आडवे ठेवण्याची कल्पना इंग्लंडमधल्या इवल्याशा मिनी गाडीवरून सुचली. लांबी वाचवायची तर इंजिन आडवे करायचे आणि गिअरबॉक्स त्याच्याच ओतिवात बसवायचा. पण मिनीत चार सिलिंडर होते, इथे बारा, सुमारे चार लिटरचे आणि साडेतीनशे अश्वशक्तीचे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकच तेल पुरवले जाई. गिअरमधून झडलेली धातूची चूर इंजिनात जाण्याची भीती त्यामुळे कायम असे, म्हणून शेवटच्या काही गाड्यांत दोघांचे तेल वेगळे केले. पेट्रोलची टाकी पुढच्या बाजूला होती. टाकी रिकामी होत आली की नाक हलके व्हायचे आणि भन्नाट वेगात पुढची चाके रस्ता सोडू पाहायची. हे दोष खरेच होते. तरीही विसाव्या शतकात रस्त्यासाठी बनलेली सगळ्यात देखणी गाडी कोणती, असे मला विचारले तर मी मिउराचेच नाव घेईन.

या पोरांना मोकळीक देणारा मालक कोण होता? फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांचा जन्म १९१६ सालचा, फेरारा प्रांतातल्या रेनात्सो गावचा, द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातला. त्यांचे मन शेतापेक्षा अवजारांत रमे. दुसऱ्या महायुद्धात रोड्स बेटावर लष्करी वाहने दुरुस्त करत हा माणूस हाताशी असेल त्या सामानावर यंत्र चालते करायला शिकला. युद्ध संपल्यावर इटलीच्या शेतांना ट्रॅक्टर हवे होते आणि पैसा कोणाकडेच नव्हता. फेरुच्चोंनी लष्कराने टाकून दिलेल्या ट्रकांची इंजिने विकत घेतली आणि त्यांतून ट्रॅक्टर उभे केले. पेट्रोल महाग, म्हणून इंजिन सुरू करायचे पेट्रोलवर आणि तापले की स्वस्त डिझेलवर न्यायचे, अशी सोय त्यांनी केली. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे पंप ज्यांनी आपल्याकडच्या विहिरीवर पाहिले आहेत, त्यांना यातली हुशारी वेगळी सांगायला नको. १९४८ मध्ये ट्रॅक्टर कंपनी निघाली. पुढे बर्नर आणि वातानुकूलन यंत्रांचाही धंदा जमला आणि घरात फेरारी आली.

त्या फेरारीचा क्लच सारखा बिघडे. तक्रार घेऊन ते एन्झो फेरारींकडे गेले, अपमान झाला, आणि त्या रागातून कारखाना निघाला, अशी गोष्ट जगभर सांगतात. फेरुच्चो स्वतःही ती रंगवून सांगत. पण नुसत्या रागावर कारखाना चालत नाही. महागड्या गाडीत आणि आपल्या ट्रॅक्टरमध्ये सुटे भाग कोणते, कोणाचे आणि त्यांवर नफा किती, हे या मेकॅनिकला कळत होते. मे १९६३ मध्ये बोलोन्याजवळच्या सांतागाता बोलोन्येझे गावी मोटार कंपनी स्थापन झाली. इंजिनासाठी फेरारीतून बाहेर पडलेल्या जोत्तो बिझ्झारिनींना काम दिले. त्यांनी आखलेले इंजिन शर्यतीच्या वळणाचे निघाले, ते दाल्लारांनी रोजच्या वापरासाठी माणसाळवले. पहिला नमुना प्रदर्शनात मांडला तेव्हा इंजिन बॉनेटखाली मावेना, म्हणून तिथे वजन भरून बॉनेट बंद ठेवले होते. त्या मूळ बारा सिलिंडर इंजिनाचा वंश मात्र सुधारत सुधारत २०१० पर्यंत चालला.

कारखान्याने शर्यतीत उतरायचे नाही, हा फेरुच्चोंचा हुकूम होता. मला तो शहाणपणाचा वाटतो. फेरारी शर्यतीसाठी पैसा मिळावा म्हणून गाड्या विकत होते. फेरुच्चोंना गाडीच हवी होती.

पुढे ट्रॅक्टरच्या धंद्यानेच घात केला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बोलिव्हियाची मोठी मागणी रद्द झाली आणि १९७२ मध्ये त्यांनी मोटार कंपनीतला निम्म्याहून अधिक हिस्सा विकला. दोन वर्षांनी उरलेलाही. गांदिनीने आखलेली कौंताश त्याच १९७४ साली विक्रीला आली. वर उघडणारी तिची दारे पुढे साऱ्या घराण्याची ओळख झाली. १९७८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मग स्विस, अमेरिकन, इंडोनेशियन असे मालक बदलले आणि १९९८ मध्ये ती जर्मनीच्या ऑडीकडे गेली. शिस्त आली, भांडवल आले, उरुससारखी कुटुंबाची गाडी आली. २०२३ मध्ये पहिल्यांदाच वर्षाला दहा हजारांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. मिउरा साऱ्या आयुष्यात आठशेसुद्धा बनल्या नव्हत्या. कारखाना अजून सांतागातालाच आहे.

फेरुच्चो उंब्रियातल्या त्रासिमेनो सरोवराकाठी द्राक्षमळा करत राहिले आणि १९९३ मध्ये वारले. बोलोन्याजवळ फुनो गावात त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तिकडे जाणे झालेच, तर मिउरापाशी जाण्याआधी तिथल्या ट्रॅक्टरांपाशी थोडा वेळ थांबा.