मस्तिष्क-प्रत्याभरण आणि चिकित्सकाचे शिक्षण

‘न्यूरोफीडबॅक’ या शब्दास मराठीत सर्वमान्य झालेला प्रतिशब्द नाही. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून ‘फीडबॅक’ या अर्थी ‘प्रत्याभरण’ हा शब्द योजिला जातो. त्याच्या आधारे प्रस्तुत लेखात ‘मस्तिष्क-प्रत्याभरण’ अशी संज्ञा वापरली आहे. मेंदूच्या विद्युत्-व्यापारातील एखाद्या विशिष्ट घटकाचे मापन करावयाचे, त्या मापनाचा परिणाम तत्क्षणी दृश्य अथवा ध्वनी यांच्या रूपाने त्या व्यक्तीपुढेच मांडावयाचा, व इष्ट दिशेने बदल होताच तिला पारितोषिक द्यावयाचे, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे. पारितोषिक म्हणजे काही मोठी वस्तू नव्हे. पडद्यावरील चित्रपट चालू राहणे, खेळातील मोटार पुढे सरकणे अथवा एक मंद घंटा वाजणे, इतके पुरते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे साधक अभिसंधानच आहे हे लगेच ध्यानात येईल. नवीन आहे ते इतकेच की, येथे ज्या वर्तनास पारितोषिक मिळते ते वर्तन खुद्द कर्त्यालाही दिसत नाही. ते दिसते फक्त यंत्राला. या एका गोष्टीतून पुढील सर्व अडचणी उद्भवतात, आणि चिकित्सकाच्या शिक्षणाचा प्रश्नही तेथूनच निर्माण होतो.

हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली मानवी मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम घेतला व १९२९ साली तो प्रसिद्ध केला. सेकंदास ८ ते १३ आवर्तने असलेल्या लहरींस त्याने ‘अल्फा’ हे नाव दिले. अल्फा लहर आपल्या डोक्यात चालू आहे की नाही हे माणसास ओळखता येईल काय, हा प्रश्न जो कामिया यांनी शिकागो येथे १९५८ च्या सुमारास हाती घेतला, आणि योग्य-अयोग्य एवढेच सांगत गेल्यास बऱ्याच व्यक्तींना ते ओळखता येऊ लागते असे त्यांना आढळले. मात्र चिकित्सेच्या दृष्टीने निर्णायक प्रयोग झाला तो मांजरांवर. कॅलिफोर्नियातील बॅरी स्टर्मन यांनी १९६० नंतरच्या दशकात मांजरांना सेकंदास १२ ते १५ आवर्तनांची, संवेदी-प्रेरक पट्ट्यावरील लहर वाढविण्याचे शिक्षण दिले. पुढे अग्निबाणाच्या इंधनातील एका विषारी द्रव्याच्या चाचणीत, ज्या मांजरांचे असे शिक्षण झाले होते त्यांना आचके उशिरा आले. मांजरास वैद्यावर श्रद्धा नसते व बरे होण्याची आशाही नसते. म्हणून या प्रयोगाचे वजन आजही कमी झालेले नाही. १९७२ साली स्टर्मन व फ्रायर यांनी अपस्माराच्या एका रुग्ण तरुणीवर याच पद्धतीचा अवलंब केला, आणि १९७६ साली लूबार व शाउस यांनी अतिचंचल बालकाच्या बाबतीत तिचा उपयोग केला. आज या पद्धतीने उपचार मागणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या अवधानन्यून बालकांची असते.

या विषयाचा आपल्या प्रांताशी संबंध नाही असे मानणे मात्र चूक होईल. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचे शरीरशास्त्रीय मापन सुरू केले होते. नौलीच्या वेळी उदरपोकळीत दाब किती उतरतो हे त्यांनी दाबमापक लावून पाहिले. १९५७ साली वेंगर व बागची हे दोघे संशोधक आपली विद्युत्-उपकरणे घेऊन अमेरिकेहून भारतात आले आणि कैवल्यधामासह अनेक ठिकाणच्या योग्यांचे त्यांनी आलेख घेतले. हृदय थांबविता येते असे सांगणाऱ्या योग्यांचीही त्यांनी परीक्षा केली. वेंगर, बागची व दिल्लीचे आनंद यांनी १९६१ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो आमच्या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचण्याजोगा आहे. मनगटाची नाडी लागत नव्हती आणि छातीवर हृदयाचा आवाज ऐकू येत नव्हता हे खरे. परंतु हृदयाचा विद्युत्-आलेख चालूच होता. योगी श्वास रोधून व छातीचे स्नायू आवळून रक्ताचा परतप्रवाह अडवीत होते. योग्यांनी कोणास फसविले असे म्हणता येणार नाही. त्यांना स्वतःलाही जे जाणवत होते त्याचा अर्थ वेगळा होता, इतकेच. त्याच वर्षी आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी दाखवून दिले की, दोन योग्यांचा हात ४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे ठेवला असताही त्यांची अल्फा लहर अखंड राहिली. म्हणजे एका दाव्याचे निराकरण झाले व दुसऱ्यास आधार मिळाला, आणि दोन्ही कामे त्याच जातीच्या उपकरणांनी केली.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. दाते व त्यांचे सहकारी यांनी, कैवल्यधामाचे विनेकर यांना बरोबर घेऊन, उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात रक्तदाब उतरल्याचा व पुष्कळांची औषधमात्रा कमी करता आल्याचा वृत्तान्त आहे. पुढे दाते यांनी रक्तदाबाच्या बाबतीत यंत्राधिष्ठित प्रत्याभरणाकडेही लक्ष वळविले. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाशास्त्र संस्थेत मेंदूस इजा झालेल्या रुग्णांवर मस्तिष्क-प्रत्याभरणाचे काम झालेले आहे. तेव्हा परंपरा आहे. उणीव आहे ती ही विद्या चिकित्सकाच्या हाती पद्धतशीरपणे देण्याच्या व्यवस्थेची.

ही उणीव कोठे जाणवते हे पाहावयाचे तर ठाण्याच्या माजिवड्यासारखा परिसर डोळ्यांपुढे आणावा. पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा रस्ता व घोडबंदर रस्ता येथे एकत्र येतात, आणि घोडबंदर रस्त्याच्या दोहों बाजूंस गेल्या दोन-तीन दशकांत उभ्या राहिलेल्या वसाहतींतील कुटुंबे मुलाच्या अभ्यासाची, चंचलतेची वा झोपेची तक्रार घेऊन याच बाजूच्या दवाखान्यांकडे वळतात. याच शहरात १९०१ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय आहे, आणि १९९० पासून मानसिक आरोग्य संस्थाही कार्य करीत आहे. म्हणजे मानसोपचाराची ओळख ठाण्यास नवी नाही. अशा ठिकाणी एखाद्या तरुण चिकित्सकाने यंत्र विकत घेतले, विक्रेत्याने दोन दिवस ते चालवून दाखविले, आणि तिसऱ्या दिवशी पहिले बालक खुर्चीत बसले, तर काय होईल? यंत्र चालेल, पडद्यावरील मोटार धावेल आणि आलेख सुंदर दिसेल. पारितोषिक कशाचे मिळाले, हे मात्र कोणासच ठाऊक नसेल.

याचा खुलासा थोडा विस्ताराने करणे अवश्य आहे. अवधानन्यून बालकाच्या बाबतीत रूढ असलेल्या एका क्रमात डोक्याच्या मध्यावर विद्युदग्र लावून थीटा (सेकंदास ४ ते ८ आवर्तने) व बीटा (१३ च्या पुढील) यांचे गुणोत्तर कमी करण्यास पारितोषिक देतात. मेंदूच्या या लहरींचा आकार काही दशक मायक्रोव्होल्टांपलीकडे जात नाही. त्या मानाने स्नायूंचा विद्युत्-व्यापार फार बलवान असतो, आणि त्याचा वर्णपट बीटा पट्ट्यावर येऊन पडतो. मुलाने दातावर दात धरले की कानशिलाचा स्नायू आवळतो, ‘बीटा’ वाढतो, गुणोत्तर उतरते आणि घंटा वाजते. चाळीस बैठकींच्या अखेरीस त्या मुलास उत्तम प्रकारे दात आवळता येऊ लागतील. अवधानाचे काय झाले ते वेगळे पाहावे लागेल. याउलट पापणी लवली की कपाळाकडून एक मोठी संथ लहर येते व तिचा काही अंश थीटामध्ये मिसळतो; मग लक्ष देऊन बसलेल्या मुलासही पारितोषिक नाकारले जाते. हृदय थांबविणाऱ्या योग्याची कथा व ही कथा मुळात एकच आहेत.

आपल्या हवेत आणखी काही गोष्टी घडतात, ज्यांचा उल्लेख परदेशी पाठ्यपुस्तकांत ओझरता असतो. डोक्यास खोबरेल तेल चोपडून आलेल्या मुलाच्या टाळूवर विद्युदग्राचा संपर्क नीट होत नाही. संरोध पाच हजार ओहमच्या खाली आणावयाचा असा जुना दंडक आहे. तेल पुसून, त्वचा हलकेच घासून तो साधावा लागतो, आणि त्यास दहा मिनिटे लागली तर ती द्यावी लागतात. आदल्या रात्री केस धुवून, तेल न लावता या, असे आईस आधी सांगितले असता निम्मे काम होते. मे महिन्याच्या उकाड्यात घामामुळे आलेखाची मूळ रेषाच हेलकावे खाऊ लागते, व दोन विद्युदग्रांमध्ये घामाचा पूल तयार झाला तर ती दोन ठिकाणे विद्युत्-दृष्ट्या एकच होऊन बसतात. इमारतीची भूसंलग्नता, म्हणजे ज्यास आपण अर्थिंग म्हणतो ती, सदोष असली की वीजपुरवठ्याची ५० आवर्तनांची गुणगुण आलेखात शिरते. यंत्रातील गाळणी ती दृष्टिआड करते खरी, परंतु संपर्क वाईट असल्याचा जो इशारा त्या गुणगुणीने दिला होता तोही दृष्टिआड होतो. शिकाऊ चिकित्सकाने पहिले काही आठवडे गाळणी न लावलेला मूळ आलेखच पाहावा, असे माझे मत आहे. रंगीत स्तंभालेख हे शिकणाऱ्याचे शत्रू आहेत.

कालाचेही भान हवे. कासारवडवलीहून संध्याकाळच्या गर्दीत तासभर अडकून आलेले मूल पेंगुळलेले असते, आणि पेंगुळल्यावर थीटा वाढणे हा निसर्गनियम आहे. अशा दिवशीचा आलेख मागील आठवड्यातील सकाळच्या आलेखाशी ताडून पाहणे निरर्थक होय. आठवड्यास दोन याप्रमाणे चाळीस बैठकी म्हणजे वीस आठवडे होतात. शाळेचे एक अर्धवर्ष त्यात निघून जाते. एवढ्या अवधीत मूल वाढते, शिक्षक बदलतात, परीक्षा येतात व जातात, आणि सुधारणा दिसली तर ती कशामुळे हे सांगणे अवघड होते.

हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. अमेरिकेत दोन केंद्रांवर ७ ते १० वर्षांच्या एकशेचाळीसहून अधिक बालकांवर झालेल्या उभयांध प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. एका गटास खरे प्रत्याभरण देण्यात आले, तर दुसऱ्यास पूर्वी मुद्रित करून ठेवलेल्या आलेखावर आधारलेले छद्म प्रत्याभरण. बालक, पालक व शिक्षक यांपैकी कोणासही भेद ठाऊक नव्हता. दोन्ही गटांत भरपूर सुधारणा झाली. परंतु अवधानाच्या मुख्य मोजमापात उपचारानंतर, तसेच तेरा महिन्यांनीही, दोहोंत उल्लेखनीय फरक आढळला नाही. खऱ्या गटास तेरा महिन्यांनंतर औषध काहीसे कमी लागले, ही नोंद मात्र विसरता कामा नये. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका समग्र परीक्षणात ३८ प्रयोग व सुमारे २,५०० व्यक्ती विचारात घेण्यात आल्या. उपचार माहीत नसलेल्या निरीक्षकांच्या मतांनुसार समूहाच्या पातळीवर अवधानन्यूनतेच्या लक्षणांत अर्थपूर्ण लाभ त्यातही दिसला नाही. या निष्कर्षांमुळे ही पद्धती त्याज्य ठरते काय? माझ्या मते ती त्याज्य ठरत नाही, पण तिची जाहिरात मात्र त्याज्य ठरते. नियमित वेळ, एका प्रौढाचे अखंड लक्ष, शांत बसण्याचा सराव व यशाचा अनुभव यांचा वाटा फार मोठा आहे असे छद्म गटाच्या सुधारणेवरून मानण्यास जागा आहे, आणि पालकांना खर्च सांगण्यापूर्वी हे सांगणे चिकित्सकाचे कर्तव्य आहे.

शिक्षणात काय असावे, याचा एक नमुना अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेल्या प्रत्याभरण-प्रमाणन मंडळाने घालून दिला आहे. ३६ तासांचे सैद्धान्तिक अध्यापन, मज्जारचनाशास्त्राचा अभ्यासक्रम, मार्गदर्शकाच्या सहवासात २५ तास, स्वतःवर घेतलेल्या दहा बैठकी, रुग्णांच्या शंभर बैठकी, दहा रुग्णवृत्तांची चर्चा व अखेरीस परीक्षा, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. यांतील स्वतःवरील दहा बैठकींची अट वरवर गौण वाटते. पण तिचे मोल सर्वांत अधिक आहे. प्रयत्न केला की घंटा वाजत नाही आणि प्रयत्न सोडला की वाजते, हा विचित्र अनुभव ज्याने घेतला नाही, तो मुलास “अजून जोर लाव” असे सांगून सारे बिघडवील.

भारतात मस्तिष्क-प्रत्याभरणासाठी स्वतंत्र परवाना नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, व मानसिक आरोग्य-सेवेसंबंधीचा २०१७ चा कायदा त्याची व्याख्या करतो. यंत्र कोणी व कसे वापरावे याविषयी मात्र त्यांत दिग्दर्शन नाही. परिणामी निदानापूर्वीच उपचार सुरू होण्याचा धोका राहतो. वर्गात शून्यात पाहत बसणारे मूल अवधानन्यून असेल, ऐकू कमी येणारे असेल, रात्री घोरून झोपमोड होणारे असेल, किंवा अपस्माराच्या सूक्ष्म झटक्यांनी क्षणभर हरपणारे असेल. शेवटच्या प्रकारास मज्जाविकारतज्ज्ञाकडे धाडावयास चार महिने उशीर झाला, तर दोष यंत्राचा नसेल. अपस्मारावर औषध घेत असलेल्या रुग्णाची मात्रा प्रत्याभरण चालू आहे म्हणून परस्पर कमी करणे हाही असाच एक घातक प्रमाद होय.

आपल्यासारख्या विभागांस येथे करता येण्याजोगे काम आहे. मूळ आलेखांचा एक संग्रह तयार करावा; त्यात दात आवळलेला, पापणी लवलेला, घाम आलेला, तेलकट टाळूचा, पेंगुळलेला व अर्थिंग तुटलेला असे प्रत्येकी दहा-वीस नमुने असावेत, आणि विद्यार्थी स्वतःच एकमेकांच्या डोक्यावर विद्युदग्र लावून ते निर्माण करू शकतात. त्यास रुग्ण लागत नाही, महागडे यंत्रही लागत नाही. हे नमुने नाव न पाहता ओळखता आल्याखेरीज कोणाही विद्यार्थ्यास बालकासमोर बसू देऊ नये. पुढील टप्प्यात ठाणे-कल्याण भागातील व्यवसायी चिकित्सकांनी महिन्यातून एकदा आपल्या एका रुग्णाचा संपूर्ण मूळ आलेख, केवळ आधी-नंतरचे स्तंभ नव्हेत, सर्वांपुढे ठेवावा. अशा बैठकीसाठी येत्या सत्रात विभागाची प्रयोगशाळा शनिवारी दुपारी उघडी ठेवता येईल काय, हे विभागाच्या पुढील सभेत विचारात घ्यावे, अशी सूचना येथे नोंदवीत आहे.