जुना संगणक विकताना : ‘डिलीट’ म्हणजे पुसणे नव्हे

नवा संगणक घरात आला की जुना माळ्यावर जातो आणि चतुर्थीपूर्वीच्या साफसफाईत तेथून भंगारवाल्याच्या हाती पडतो. देण्याआधी फाईली ‘डिलीट’ केल्या, रिसायकल बिन रिकामा केला, फार तर डिस्क फॉरमॅट केली, की आपली माहिती नाहीशी झाली, असा बहुतेकांचा समज असतो. तो खरा नाही.

हार्ड डिस्क हा एक ग्रंथ मानला, तर ‘डिलीट’ केल्याने केवळ अनुक्रमणिकेतील नोंद खोडली जाते. पाने जागच्या जागी राहतात. त्यांवर नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना वाचता येतो. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे तर फक्त कोरी अनुक्रमणिका. सिमसन गारफिंकल आणि अभि शेलत या अमेरिकेतील संशोधकांनी विकत घेतलेल्या जुन्या डिस्कची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. उरलेल्यांत हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले.

माहिती खऱ्या अर्थाने पुसायची, तर तिच्यावर दुसरे काही लिहावे लागते. जोडलेल्या दुसऱ्या डिस्कसाठी विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, त्यात सर्वत्र शून्ये लिहिली जातात. मुख्य डिस्कसाठी ‘रीसेट’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ‘क्लीन डेटा’ चालू करावे. मोठ्या डिस्कला यासाठी काही तास लागतात. पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधामुळे ३५ वेळा लिहिण्याची प्रथा पडली. मात्र ती जुन्या धाटणीच्या डिस्कसाठी होती. आजच्या डिस्कला साधारणपणे एकच फेरी पुरते.

एसएसडीची गोष्ट निराळी. तिच्या पेशी समान झिजाव्यात म्हणून नवा मजकूर जुन्याच जागी न लिहिता अन्यत्र लिहिला जातो, आणि जुनी प्रत मागे राहू शकते. म्हणून उत्पादक कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील ‘सिक्युअर इरेज’ वापरावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे पहिल्या दिवसापासून बिटलॉकरसारखे कूटबंधन चालू ठेवणे. किल्ली नष्ट झाली की उरलेला मजकूर निरर्थक ठरतो.

बंद पडलेल्या डिस्कवर काहीच लिहिता येत नाही, पण तिच्यातील माहिती शाबूत असू शकते. अशा वेळी आतील तबकड्या, एसएसडी असल्यास प्रत्येक चिप, फोडणे हाच मार्ग. लॅपटॉपमधील तबकड्या अनेकदा काचेच्या असतात, तेव्हा डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. अवशेष अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत.

हे सारे करण्यापूर्वी हवी ती छायाचित्रे व कागदपत्रे अन्यत्र उतरवून ती उघडतात की नाही, हे पाहून घ्यावे. नंतर मागे फिरता येत नाही.

घरच्या संगणकात आपली माहिती असते. दवाखाना, सनदी लेखापालाचे कार्यालय किंवा पतसंस्था यांच्या संगणकात दुसऱ्यांची. रुग्णाचा अहवाल वा ठेवीदाराचे आधार कार्ड विश्वासाने सोपवलेले असते. हेतू संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे. भंगाराचे चारशे-पाचशे रुपये घेताना तो विश्वासही विकला जाऊ नये, एवढी दक्षता घेणे आपल्या हाती आहे.