गॅस संपत नाही, निघून जातो

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाने गाडीच्या एसीवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण कार्यकारणभाव शिकवायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही. बिरवाडीच्या आसपास हौसेने जपलेली एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा कॉन्टेसा अजून दिसते. मालकाची तक्रार बहुधा एकच असते : "एसीतला गॅस संपला, दर उन्हाळ्यात भरावा लागतो."

इथेच थांबू या. पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. एसीतला गॅस जळत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून तो द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून कूलिंग कॉइलमध्ये येऊन पुन्हा वायू होतो आणि आतली उष्णता शोषून परत कॉम्प्रेसरकडे जातो. म्हणजे बंद वर्तुळ. गॅस कमी झाला, तर तो कुठून तरी बाहेर गेला. नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

आता, गळती म्हणायचं कशाला? गाडीखाली पाणी टपकतं ते गळती नव्हे. कोकणच्या दमट हवेतली वाफ थंड कॉइलवर पाणी होऊन नळीवाटे बाहेर पडते. ते निरोगीपणाचं लक्षण आहे. तेच पाणी पायाखालच्या मॅटवर आलं, तर ती नळी तुंबली असं समजा. गॅस मात्र डोळ्यांना दिसत नाही. मग ओळखायचा कसा?

न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे : धूर दिसला की अग्नीचं अनुमान करायचं. इथे धुराच्या जागी तेल. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं, म्हणून गॅस सुटतो तिथे तेलकट, धूळ धरलेला डाग पडतो. पण सावध राहा. जुन्या इंजिनाचं तेलही तिथे उडालेलं असू शकतं. हा झाला हेत्वाभास. म्हणून आधी सगळे जोड स्वच्छ पुसायचे, एसी काही दिवस चालवायचा आणि नवा डाग कुठे पडतो ते बघायचं. जोडांवर साबणाचा फेस लावला तर मोठी गळती बुडबुड्यांनी बोलते. बारीक गळतीसाठी गॅस हुंगणारं यंत्र किंवा जांभळ्या दिव्यात चमकणारा रंग वापरतात. कॉइल डॅशबोर्डच्या आत दडलेली असते, तेव्हा ते यंत्र पाण्याच्या नळीच्या तोंडाशी धरून बघता येतं.

यंत्रणा रिकामी असेल तर कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून, यंत्रणेला सोसेल इतक्याच दाबाने भरतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. ऑक्सिजन कधीही भरू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाची गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. गॅस भरलेल्या यंत्रणेवर वेल्डिंगही नको. ज्वाळेत या गॅसपासून विषारी वायू तयार होतात.

दोष बहुधा तीन जागी असतो : जोडांवरच्या ओ-रिंग, वय झालेले रबरी होज आणि कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील. सीलची गंमत अशी की ते वापराने झिजतं तसं न वापरण्यानेही कोरडं पडतं. गाडी पावसाळाभर झाकून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात धरावं. आठ-पंधरा दिवसांनी दहा मिनिटं एसी चालवला तरी सील तेलाने ओलं राहतं.

दुरुस्तीनंतर ड्रायर बदलायचा आणि व्हॅक्युम काढायचा. का? कारण आत शिरलेली ओल. पाऱ्याच्या २९ इंचांपर्यंत व्हॅक्युम गेला की पाणी साधारण २५ अंशांनाच उकळतं आणि वाफ होऊन ओढलं जातं. ओल राहिली तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो, आतून गंज चढतो.

आता खरा पेच. जुन्या गाड्यांत आर-१२ गॅस होता. या वर्गातल्या वायूंमधलं क्लोरिन ओझोनचा थर खातं, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली मांडलं. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २००८ मध्ये आपल्याकडचं या वायूंचं उत्पादन थांबलं. त्यामुळे आता आर-१३४ए कडे वळावं लागतं. पण जुनं खनिज तेल त्यात मिसळत नाही. ते काढून एस्टर तेल घालावं, ओ-रिंग आणि ड्रायर नव्या गॅसला चालतील असे घ्यावेत आणि गॅस जुन्या वजनाच्या ८० ते ९० टक्केच भरावा. कंडेन्सर लहान असेल तर उभ्या गाडीत थंडावा कमी पडतो. पुढे जादा पंखा लावला की फरक जाणवतो.

कुणी म्हणेल, मग गाडी 'मूळची' राहिली का? आम्ही उलट विचारतो, जपायचं काय आहे? रबराची रिंग की गाडीचं चालणं? बाहेरचं रूप, डॅशबोर्डखालचा तो खोका, त्याची बटणं जपा. रबर बदलायलाच बनवलेलं असतं.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तो पृथ्वी तापवतो : १०० वर्षांच्या हिशेबात, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक. म्हणून जुना गॅस हवेत सोडू नका. तो यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये घेणाऱ्याकडेच गाडी न्या. मेकॅनिककडे गेल्यावर "गॅस भरा" म्हणू नका. "गळती कुठे आहे ते दाखवा" म्हणा. ती सापडेपर्यंत पैसे गॅसवर घालवू नका.