उघड्या कवटीतली सोनोग्राफी

मेंदूतली गाठ काढायला कवटी उघडली की मेंदू जागचा हलतो. भोवतालचं पाणी वाहून जातं, गाठीचा भाग निघेल तसा उरलेला मेंदू खचतो, कधी सुजून वर येतो. हा फरक एक सेंटिमीटरहून जास्तही भरू शकतो. ऑपरेशनपूर्वीचा एमआरआय कितीही स्पष्ट असो, त्यावर चालणारं नेव्हिगेशन मग गाठीच्या जुन्या जागेकडे बोट दाखवत राहतं.

ऑपरेशन चालू असतानाच एमआरआय काढायची सोय बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने १९९० च्या दशकात केली. उपाय उत्तम, पण त्याला खास थिएटर लागतं, चुंबकाकडे ओढली न जाणारी हत्यारं लागतात आणि खर्च कोटींत जातो. भारतातल्या बहुतेक रुग्णालयांनी त्याची वाट पाहत बसावं, हे रुग्णांना परवडणारं नाही.

सोनोग्राफीचं मशीन त्या मानाने फारच स्वस्त. मोठ्या माणसाच्या जाड कवटीतून ध्वनिलहरी नीट पार होत नाहीत, हीच तिची अडचण. पण ऑपरेशनमध्ये हाड आधीच बाजूला केलेलं असतं. प्रोबला जेल लावून निर्जंतुक आवरण चढवायचं, वर सलाईनची धार सोडायची आणि तो मेंदूच्या आवरणावर अलगद टेकवायचा. मेंदू करडा दिसतो, गाठ बहुधा त्याहून पांढरी. डॉप्लर लावला की जवळच्या रक्तवाहिन्याही दिसतात. सगळं दोन-चार मिनिटांत होतं, आणि हवं तितक्या वेळा करता येतं.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या न्यूरोसर्जन आणि अभियंत्यांनी या चित्राला नेव्हिगेशनची जोड देऊन 'सोनोवाँड' ही त्रिमितीय यंत्रणा घडवली. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये डॉ. अलियासगर मोइयादी आणि सहकाऱ्यांनी तीच यंत्रणा वापरून आपले अनुभव शोधनिबंधांतून मांडले. साधं द्विमितीय मशीनही कामाचं आहे. नेदरलँड्समध्ये ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या ५० रुग्णांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सोनोग्राफीच्या मदतीने ३५ टक्के रुग्णांची गाठ पूर्ण निघाली; एरवीच्या पद्धतीने ८ टक्के. चाचणी लहान आहे, पण फरक नजरेआड करण्याजोगा नाही.

खरी किंमत मोजावी लागते ती शिकण्यात. एमआरआयवर वाढलेल्या डोळ्यांना हे तिरकं, दाणेदार चित्र आधी ओळखूच येत नाही. दोन गोलार्धांमधला पडदा कुठे, पाण्याच्या पोकळ्या कुठे, इथून सुरुवात करावी लागते. गाठ निघत जाते तशी फसगतही वाढते. पोकळीत भरलेलं सलाईन ध्वनिलहरींना मेंदूइतकं शोषत नाही, त्यामुळे लहरी तळाशी जोरात पोचतात आणि तळ पांढराशुभ्र चमकतो. उरलेली गाठही पांढरीच! तिथे घाई केली तर निरोगी मेंदू कापला जाईल. म्हणून मेंदूचं आवरण उघडण्याआधीच पहिलं चित्र जपून ठेवायचं, शंका आली की प्रोबची दिशा बदलून पुन्हा बघायचं. ट्रॉन्डहाइमच्या गटाने तर सलाईनऐवजी भरायला मेंदूइतक्याच लहरी शोषणारा द्रव तयार केला.

आपल्याकडे शिकण्याखेरीज आणखी एक काम असतं, मशीनच्या नोंदणीचं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा आला. गर्भ दिसू शकेल असं कोणतंही सोनोग्राफी मशीन त्याखाली येतं. मेंदूसाठी घेतलेल्या मशीनचीही म्हणूनच नोंदणी करावी लागते, आणि ते मनात आलं तसं इकडून तिकडे हलवता येत नाही. ज्या कारणासाठी हा कायदा झाला ते पाहता एवढी कागदपत्रं करायलाच हवीत. न्यूरोसर्जरी विभागाने मशीन मागवतानाच ती सुरू करावीत.