तरुणांच्या आत्महत्या : टाळता येण्याजोगे मृत्यू

वर्षभरात किती रुग्ण तपासले आणि किती शस्त्रक्रिया झाल्या, याचा हिशेब रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात असतो. विषबाधेच्या अवस्थेत अपघात विभागात आणलेला एखादा तरुण उपचारांनी वाचतो आणि काही दिवसांनी घरी जातो. त्याच्या नावापुढे ‘बरा होऊन घरी’ अशी नोंद होते. त्याला जगणे नकोसे का झाले होते आणि घरी गेल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे मात्र त्या नोंदीतून कळत नाही. या दोन प्रश्नांचा विचार वाचकांपुढे मांडावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख २७ हजार व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. १५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक तिसरा लागतो. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद केली. त्यांत १३ हजारांहून अधिक विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची, म्हणजे २२,७४६ होती. हे आकडे पोलिसांकडील नोंदींवर आधारलेले आहेत. बदनामीच्या भीतीने अनेक घटना अपघात म्हणून सांगितल्या जातात, त्यामुळे प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असावी, असे अभ्यासक मानतात.

मृत्यूंच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या २०१० सालच्या अंदाजांत एक गंभीर बाब दिसून आली. आत्महत्येने मृत्यू पावलेल्या प्रौढ पुरुषांपैकी सुमारे ४० टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ५६ टक्के व्यक्ती १५ ते २९ वयाच्या होत्या. आपल्याकडे नोंदल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या आत्महत्यांत निम्म्याहून अधिक गृहिणी असतात. अल्पवयातील विवाह, घरातील मारहाण, हुंड्याचा जाच आणि मन मोकळे करण्यास हक्काचे माणूस नसणे, ही त्यामागील परिचित कारणे आहेत. यावरून लग्न झाले म्हणजे मुलगी सुरक्षित झाली, हा समज किती फसवा आहे, हे लक्षात यावे.

क्षणिक उद्वेग आणि हाताशी असलेले साधन

आत्महत्येला सहसा एकच कारण नसते. परीक्षेतील अपयश, प्रेमभंग, कर्ज, घरातील कलह, मद्याचे व्यसन, न ओळखलेले नैराश्य अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांत आत्महत्या केलेल्या बहुसंख्य व्यक्तींना आधीपासून मानसिक आजार असल्याचे आढळले आहे. आशियाई देशांत हे प्रमाण तुलनेने कमी दिसते, आणि तीव्र उद्वेगाच्या भरात केलेल्या कृतींचे प्रमाण अधिक दिसते. मनात विचार येणे आणि तो कृतीत उतरणे, यांत कित्येकदा काही तासांचे, क्वचित काही मिनिटांचेच अंतर असते.

हा काळ निभावून नेता आला, तर जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. त्या प्रसंगी घातक साधन हाताशी नसेल, तर उद्वेग ओसरण्यास अवधी मिळतो. ‘ज्याला मरायचेच आहे तो दुसरा मार्ग शोधतोच,’ असे लोक म्हणतात. परंतु अनुभव वेगळा आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या बहुसंख्य व्यक्तींचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही.

श्रीलंकेचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १९९५ च्या सुमारास त्या देशात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४७ आत्महत्या होत, आणि हे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. त्या वर्षी अतिविषारी गटातील कीटकनाशकांवर तेथे बंदी घालण्यात आली. १९९८ मध्ये आणखी एका प्रमुख कीटकनाशकावर बंदी आली. २००५ पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. २००८ नंतरच्या निर्बंधांनी ते आणखी घटले. या काळात बेकारी, मद्यपान वा यादवी युद्ध यांतील चढउतारांशी या घटीचा संबंध आढळला नाही. बंदीमुळे शेतीच्या उत्पन्नात घट झाल्याचेही दिसले नाही. भारतानेही २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यांपैकी १२ तत्काळ व उर्वरित ६ ही २०२० च्या अखेरीपासून बंद करण्याचे ठरले.

कायद्याची वाट न पाहता गावपातळीवरही काही करता येते. तमिळनाडूत ‘स्नेहा’ या संस्थेच्या पुढाकाराने काही गावांत कीटकनाशके घरी न ठेवता गावातील सामाईक कोठारात, कुलूपबंद कप्प्यांत ठेवण्याचा प्रयोग झाला आणि त्याचे परिणाम आशादायक आढळले. आपल्या घरातही फवारणीची औषधे आणि घरातील रुग्णांच्या गोळ्या कुलपात ठेवणे सहज शक्य आहे.

निकालाचा दिवस

परीक्षेच्या निकालाचे दिवस विशेष जोखमीचे असतात. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला पूर्ण वर्ष वाया गेल्याचे दुःख असह्य होते. तमिळनाडूने अशा विद्यार्थ्यांसाठी लगेच पुरवणी परीक्षा सुरू केली. महाराष्ट्रातही २०१५ पासून दहावीच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना जुलै महिन्यातच फेरपरीक्षेची संधी मिळू लागली. यातही वेळेचेच तत्त्व आहे, कारण पुढची वाट जवळ दिसली की निराशेची धार बोथट होते. मात्र ही सोय घरातील शब्दांनी निष्फळ ठरू शकते. निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाशी केलेली तुलना किंवा ‘आमचे तोंड काळे केलेस’ यासारखे वाक्य मुलाच्या मनात खोलवर रुतते.

रुग्णालयाची जबाबदारी

पूर्वी केलेला प्रयत्न हा पुढील धोक्याचा सर्वांत महत्त्वाचा इशारा होय. म्हणून प्रतिबंधाचे काम जेथे निश्चितपणे सुरू करता येईल असे ठिकाण म्हणजे रुग्णालय. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, श्रीलंका, चीन, इराण व ब्राझील येथे अशा १,८६७ रुग्णांचा अभ्यास केला. भारतातील केंद्र चेन्नई येथे होते. काही रुग्णांना नेहमीचे उपचार देण्यात आले. उर्वरित रुग्णांशी घरी जाण्यापूर्वी सुमारे तासभर संवाद साधण्यात आला, आणि नंतर १८ महिन्यांत ९ वेळा दूरध्वनीने किंवा प्रत्यक्ष भेटून त्यांची विचारपूस करण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात आत्महत्येने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण २.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ०.२ टक्के होते. या पाठपुराव्यासाठी महागडे यंत्र वा औषध लागले नाही. प्रशिक्षित कर्मचारी आणि नियमितपणा एवढेच पुरेसे ठरले.

आपल्या देशात दर लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. अशा परिस्थितीत ही पद्धत फार मोलाची आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ उपक्रमानेही हेच दाखविले. तेथे गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नैराश्यग्रस्तांना समुपदेशन केले व गरजूंना डॉक्टरांकडे पाठविले. १८ महिन्यांत मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्या गावकऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले.

अनेक कुटुंबे पोलिसांच्या धास्तीने डॉक्टरांपासून खरी हकीकत लपवितात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर खटला न भरता तिला उपचार व पुनर्वसन द्यावे, असे तो कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने कलम ठेवलेले नाही. तेव्हा नातेवाइकांनी डॉक्टरांना सर्व काही खरे सांगावे. त्यावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

घरातील माणसांनी काय करावे?

मुलगा वा मुलगी अचानक एकलकोंडी होणे, झोप व भूक उडणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘माझा सर्वांना भार झाला आहे’ असे बोलणे, ही लक्षणे थट्टेवारी नेऊ नयेत. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे मायेने, पण स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तसे विचार मनात रुजतात, ही भीती निराधार आहे. उलट मनावरील ओझे हलके होते. उपदेश न करता ऐकून घ्यावे. धोका वाटल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घातक वस्तू दूर कराव्यात आणि विनाविलंब डॉक्टरांकडे आणावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून मराठीतही बोलता येते.

विषबाधेतून वाचलेला रुग्ण घरी जातो तेव्हा शरीरावरील उपचार संपतात. परंतु पुढील दीड वर्ष कुणीतरी त्याची नियमित विचारपूस करणे, हाही उपचाराचाच भाग आहे आणि त्याची तरतूद रुग्णालयांनी आपल्या कामात करावयास हवी. या कामाला पैशांइतकीच माणसांची व त्यांच्या वेळेची गरज आहे. निवृत्त शिक्षक, परिचारिका, महाविद्यालयीन प्राध्यापक आणि गृहिणी यांनी प्रशिक्षण घेऊन महिन्यातील काही तास दिले, तरी अनेक घरांतील तरुण मुले वाचू शकतील. रुग्णालयाच्या हितचिंतकांनी या सेवेचा अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.